दोन पलंग आणि मधली जागा

उन्हाळी सुट्टी जवळ आली की या सदराच्या टपालात मुलांच्या खोलीचे प्रश्न एकदम वाढतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सुताराचं काम उरकून घ्यायचं असतं, आणि दोघांना आता एक पलंग पुरत नाही हे घरात सगळ्यांना पटलेलं असतं. यंदाच्या गठ्ठ्यातून पाच पत्रं निवडली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे. त्यातली मापं बाकीच्यांनाही उपयोगी पडतील म्हणून मी ते मुद्दाम आखडतं घेतलेलं नाही.

प्रश्न : ताई, आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. आजवर दोघं हॉलमध्ये आजीजवळ झोपायची. आता १० बाय ११ फुटांची खोली त्यांना द्यायची आहे. दार १० फुटी भिंतीत, खिडकी समोरच्या भिंतीत. सुतार म्हणतो, दोन बॉक्स बेड करू, हायड्रॉलिक बसवू, भिंतभर हेडबोर्ड, अर्धी खोली गुलाबी, अर्धी निळी. दोन पलंग मावतील का? आणि हे किती वर्षं चालेल?
— एक आई, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : मावतील. पण सुताराला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी खोली रिकामी करा, खडू घ्या आणि दोन्ही पलंग फरशीवर आखा. मुलांनाच आखायला लावा. फरशी २ बाय २ ची असेल तर मोजपट्टीचंही फारसं काम पडत नाही, फरश्या मोजत जायचं. आखलेले पलंग चार दिवस तसेच राहू द्या. या चार दिवसांत घरातली माणसं त्या रेघांवर पाय देतात का, दार उघडताना कुठे अडतं, झाडू कुठून फिरतो, हे आपोआप कळतं. कागदावरच्या नकाशात हे कधीच कळत नाही.

आता मापं. सिंगल गादी आपल्याकडे ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत मिळते; रुंदी ३६ इंच, अरुंद हवी असेल तर ३०. तुमची लेक बारा वर्षांची आहे, अजून उंच होईल. म्हणून ७५ बाय ३६ घ्या, आणि धाकट्यालाही तीच घ्या. तो लहान आहे म्हणून अडीच फुटी गादी घेतली तर पाच वर्षांत बदलावी लागेल, आणि चादरींची दोन मापं सांभाळत बसाल. चौकटीसकट पलंग साधारण ७८ बाय ३८ इंच होईल. दोन्ही पलंग दोन बाजूंच्या ११ फुटी भिंतींना लांबीने लावा, उशा खिडकीच्या भिंतीकडे. खोलीची रुंदी १२० इंच. त्यातून दोन पलंगांचे ७६ गेले की मध्ये ४४ इंच उरतात, म्हणजे पावणेचार फुटांना इंचभर कमी. पायथ्याशी साडेचार फूट उरतात. तिथे दाराच्या भिंतीलगत, दार मोकळं सोडून, एका कोपऱ्यात दोन फूट खोलीचं कपाट उभं केलं तरी ते उघडायला अडीच फूट राहतात.

मधले ते ४४ इंच जपा. दोन पलंगांच्या मध्ये हल्ली सर्रास बेडसाइड टेबल घालतात, त्यावर दिवा, त्याखाली ड्रॉवर. मग मुलांना बसायला जागा कुठली? कॅरम मांडायचा, पत्ते खेळायचे, पावसात ओल्या दप्तरातली पुस्तकं सुकत घालायची, मामेभावंडं आली की तिसरी गादी टाकायची, सगळं या पट्ट्यात होतं. कॅरमच्या पटाचं खेळायचं क्षेत्र २९ इंच चौरस असतं. चौकट धरूनही तो इथे आरामात बसतो. मुलांची खोली म्हणजे ही मोकळी जागा, पलंग हे तिचे दोन काठ, असं समजून आखणी करा.

खिडकीखाली, दोन उशांच्या मध्ये, दीड फूट खोलीचं टेबल बसेल. पण ते मुलीला द्या. ४४ इंचांत दोघांना शेजारी बसवलं तर प्रत्येकाला २२ इंच येतात, कोपराला कोपर लागतं आणि रोज संध्याकाळी भांडण. दुसरीतला मुलगा अजून दोनतीन वर्षं हॉलमध्ये आजीजवळ बसून अभ्यास करेल, आणि त्याला तेच आवडेल.

बॉक्स बेडला माझा विरोध आहे. मी या कामात चोवीस वर्षं आहे. सुरुवातीच्या काळात ठाण्यातल्या एका घरात भाऊ-बहिणीसाठी मी दोन बॉक्स बेड भिंतीत ठोकून दिले होते, हेडबोर्डसकट. दिसायला देखणे होते, घरच्यांनीही खूप कौतुक केलं. तीन वर्षांनी मुलगी नववीत गेली, तिला रात्री वेगळं झोपायचं होतं, हॉलमध्ये जागाही होती. पण पलंग निघेना. शेवटी करवत लावावी लागली. तो आवाज मी विसरलेले नाही. दोन सुट्या पलंगांची खरी किंमत त्यांच्या सुटेपणात आहे. आज समांतर, उद्या काटकोनात, परवा एक पलंग हॉलमध्ये दिवाणाच्या जागी. तुमच्याकडे तर हे नक्की घडणार, कारण मुलगी वयात येते आहे. ‘किती वर्षं चालेल’ याचं उत्तर म्हणूनच दोन भागांत आहे : ही मांडणी तीन-चार वर्षं, पलंग मात्र पंचवीस वर्षं.

तेव्हा पायांचे पलंग करा, खाली एक फूट मोकळा. सामानासाठी चाकांची दोन-दोन खोकी त्याखाली सरकवा. झाडू-पोछा खालपर्यंत जातो, ढेकूण-झुरळांना घर मिळत नाही. हायड्रॉलिकच्या झाकणाखाली लहान मुलांची बोटं जातात. सात वर्षांच्या मुलाच्या खोलीत मला ते नको वाटतं. लाकूड परवडत नसेल तर प्लायचे करा, पण प्लायवर आयएसआयचं चिन्ह आणि त्याखालचा आकडा स्वतः वाचा. आयएस ३०३ मध्ये साधा एमआर आणि त्याहून ओल सोसणारा बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात, आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यांत जास्त टिकणारा. पलंगाला बीडब्ल्यूआर पुरे. नव्या प्लायचा डोळ्यांना झोंबणारा वास डिंकातल्या फॉर्माल्डिहाइडचा असतो. काम संपल्यावर दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवा आणि मगच मुलांना तिथे झोपवा. म्हणूनच सांगते, काम एप्रिलमध्ये काढा, मेच्या शेवटच्या आठवड्यात नको.

गुलाबी-निळ्याचं म्हणाल तर भिंती एकाच रंगाच्या ठेवा, मोतिया किंवा फिकट पिस्ता. खोलीच्या मधोमध रंगाची सीमारेषा काढली की मुलं ती पाळू लागतात, आणि भांडणात रोज तिचा दाखला निघतो. रंगाऐवजी प्रत्येकाला हातभर मुलूख द्या. पलंगावर पडून हात लांब केला की जिथे पोचतो तेवढी जागा पूर्ण त्याची किंवा तिची : एक फळी, दोन खुंट्या आणि वाचायचा छोटा दिवा. दिव्याचं बटण झोपल्या झोपल्या हाताला लागलं पाहिजे. पिवळसर उजेडाचा, तीन-चार वॉटचा एलईडी पुरतो, तोंड भिंतीकडे वळवता येईल असा घ्या. बाराव्या वर्षी मुली रात्री वाचतात, सातव्या वर्षी मुलगे नऊला गाढ झोपतात; या एका दिव्यावर घरातली शांतता टिकते. वायरमनला हे पॉइंट रंग लावायच्या आधी काढायला सांगा.

शेवटचं मुलीसाठी. तिच्या पलंगाभोवती छताला पडद्याची पट्टी लावून घ्या आणि साधा सुती पडदा शिवा. आणि कपाटात तिला कुलपाचा एक ड्रॉवर द्या. किल्ली एकच असू द्या, तिच्याकडे.

प्रश्न : आमच्या ९ आणि ५ वर्षांच्या मुलांसाठी जागा वाचवायला एकावर एक असा बंक बेड घ्यायचा विचार आहे. खोली १० बाय १०, छताला पंखा आहे. घ्यावा का?
— एक बाबा, नागपूर

उत्तर : छताचा पंखा आहे तोवर घेऊ नका. हिशेब मांडून पाहा. तुमचा पंखा १२०० मिलिमीटरचा असेल, म्हणजे चार फुटांचा घेर. दहा फुटी खोलीत तो मध्यभागी असला की पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर येतं. पलंगही तीन फुटीच. वरची गादी जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर. नऊ वर्षांचं मूल तिथे गुडघ्यांवर उभं राहून हात वर करेल आणि पातं हाताच्या अंतरावर असेल. पंखा काढून भिंतीवर लावायची तयारी असेल तरच पुढे बोलू. तेव्हाही धाकट्याला वर झोपवू नका. सहा वर्षांखालच्या मुलांना वरच्या पलंगावर झोपवू नये आणि वरचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान पाच इंच उंच असावा, असं अमेरिकेतला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो, आणि ते इथेही तितकंच लागू आहे. दुकानात कठडा उंच दिसतो. आपण आठ इंची जाड गादी टाकली की तो नाहीसा होतो.

शिवाय नागपूरचा मे महिना. गरम हवा वर साठते, कुलरचा झोत खालून जातो. वरचं पोर मध्यरात्री गादी घेऊन खाली येणारच. त्यापेक्षा एका पलंगाखालून दुसरा ओढून काढायचा, तसा सरकता पलंग करा. दिवसा खोली मोकळी, रात्री दोन पलंग, आणि दोघंही कुलरच्या उंचीवर.

प्रश्न : आमचं घर तळमजल्यावर आहे. २०२१ च्या पुरात खोलीत पाणी होतं. डागडुजी झाली, पण भिंतीला अजून लोणा येतो. मुलींच्या खोलीला फुलपाखरांचा वॉलपेपर लावावा म्हणते. आणि पलंग कसले घ्यावेत?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्या जुलैत तुम्ही काय पाहिलं असेल याची मला कल्पना आहे, माझं माहेर कोकणातलंच. म्हणून स्पष्ट सांगते, वॉलपेपर लावू नका. लोणा म्हणजे भिंतीतलं पाणी बाहेर येताना सोबत आणतं ते क्षार. त्याच्या तोंडावर कागद चिकटवला की पाणी आत कोंडतं, पहिल्याच श्रावणात मागे बुरशी धरते आणि ती मुलींच्या उशाशी राहते. आधी बाहेरच्या बाजूने ओल कुठून येते ते शोधून थांबवा. मग आतला सुटलेला गिलावा कंबरेपर्यंत खरवडून काढून एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या. ती वर्षभर विद्रूप दिसेल, तेवढं सोसा.

रंग काढताना एक काळजी घ्या. दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक असते. पाणी मारून ओला घासायला सांगा, आणि त्या दिवशी मुलींना आजोळी पाठवा.

पलंग लोखंडी घ्या, पावडर कोटिंगचे, उंच पायांचे. प्लाय जमिनीला टेकेल असं त्या खोलीत काहीही नको. पलंग भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा, हवा खेळली पाहिजे. गादी जड घेऊ नका. चार इंचांची असली की एकट्या बाईला उचलून वरच्या मजल्यावर नेता येते. तुमच्या गावात हा विचार करावा लागतो.

आणि फुलपाखरं? भिंत वाळली की एक कोरडी आतली भिंत निवडा, चार फूट उंचीपर्यंत गेरूसारख्या रंगाचा पट्टा मारा आणि मुलींच्या हातात पांढरा रंग द्या. डहाणू-जव्हारकडे वारली बायका लग्नघराच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, हे आठ वर्षांच्या मुलीला दहा मिनिटांत जमतं. बिघडलं तर पुन्हा गेरू फिरवायचा. विकतच्या फुलपाखरांना ही सोय नाही.

प्रश्न : आमच्या दोन्ही मुलांचे बेड ‘ट्विन’ मापाचे आहेत. डिसेंबरमध्ये भारतात येतोय. तिथल्या सिंगल चादरी चालतील का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अंथरायला नाही. तुमच्याकडे ट्विन हे एका गादीच्या मापाचं नाव आहे, ३८ बाय ७५ इंच. ट्विन एक्सएल ३८ बाय ८०. तिकडच्या गाद्या जाडही असतात. इथली सिंगल चादर बहुधा ६० बाय ९० इंचांची. गादी १२ इंच जाड असेल तर दोन्ही बाजू झाकायलाच ६२ इंच लागतात, खोचायला काहीच उरत नाही. ९० बाय १०८ ची डबल घ्या. पांघरायला मात्र सोलापुरी चादर बिनधास्त न्या, तिला मापाची भानगड नाही. दोघांना दोन वेगळ्या नक्षीच्या घ्या, म्हणजे धुऊन आल्यावर कुणाची कुठली ते विचारावं लागणार नाही.

प्रश्न : ताई, माझ्या जुळ्या मुली आठ वर्षांच्या आहेत. सासूबाईंनी माडीवरच्या दोन जुन्या सागवानी खाटा त्यांना देऊ केल्या आहेत. नातेवाईक सगळं सारखं आणतात, मीही तसंच करते. पण एकीला आता सारखं नको आहे. दुसरी त्यावर रडते. खोली सारखी करावी की वेगळी?
— एक आई, मिरज

उत्तर : खाटा आनंदाने घ्या. जुना साग आज त्या जाडीचा मिळत नाही. त्यांच्या चारी कोपऱ्यांना मच्छरदाणीचे खांब असतील तर ते कापू देऊ नका. मुलींना त्यात घर-घर खेळायला मिळतं आणि डासांचीही सोय होते. लॅमिनेट चढवू नका, फक्त घासून पॉलिश करून घ्या. जुन्या खाटांची रुंदी हल्लीच्या गाद्यांशी जुळत नाही, कधी ४० इंच भरते, कधी ४२. तयार गादी आणून कडेला फट ठेवू नका. गादीवाल्याला खाटेचं माप देऊन कापसाची भरून घ्या.

खाटा सारख्या आहेतच. तेवढं सारखेपण रडणारीला पुरेल, कारण तिला बहुधा बहीण दूर जाण्याची भीती वाटते आहे. म्हणून खाटा फार लांब ठेवू नका, मध्ये दोन फूट. रात्री हात लांब केला तर हाताला हात लागला पाहिजे. बाकी सगळं वेगळं होऊ द्या. तुमच्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायका अजून आहेत. घरातल्या जुन्या साड्यांचं गाठोडं मुलींपुढे सोडा आणि कुठल्या साडीची वाकळ हवी ते त्यांनाच निवडू द्या. एक आजीचं हिरवं इरकली काढेल, दुसरी तुमची बांधणी. दोघींनी एकच साडी धरली तर अर्धी-अर्धी कापा.

आणि प्रत्येकीला एक कोनाडा. हे मी माझ्या अनुभवातून सांगते. राजापूरच्या आमच्या घरात मी आणि माझी बहीण एकाच खोलीत, जमिनीवर शेजारी-शेजारी गाद्या घालून झोपायचो. पलंग नव्हते, कपाट नव्हतं. भिंतीत दोन कोनाडे होते, एक तिचा, एक माझा. माझ्यात गुंजांची डबी, कंदिलाची तडकलेली काच, एक मोरपीस. तिच्यात सगळं रांगेत, वहीच्या कव्हरखाली बक्षिसाचे कागद. गणपतीच्या आधी घराला चुना काढायचे तेव्हा आई कुंचला हातात घेऊन कोनाड्यापुढे उभी राहायची आणि विचारायची, “काढू का ग?” आम्ही हो म्हटल्याशिवाय तिने त्या वस्तूंना कधी हात लावला नाही. चार खोल्यांच्या त्या घरात माझं स्वतःचं असं एवढंच होतं, आणि मला कधी कमी पडलं नाही.

तुमच्या भिंतीत कोनाडे नसतील तर सुताराकडून फूटभर रुंदीच्या दोन चौकटी करून खाटांच्या उशाशी ठोका, मुलींच्या खांद्याच्या उंचीवर. कुठली कुणाची हे तुम्ही ठरवू नका. आत काय ठेवलंय ते नीटनेटकं करायला जाऊ नका. आणि दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा आधी दोघींना वेगवेगळं विचारा.